कार्बन पकडला, पण किती खोल गेला?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे समुद्रातल्या वनस्पती प्लवकांविषयी. पाण्याबरोबर वाहत जाणारे आणि उन्हावर जगणारे हे जीव बहुतेक एकपेशीय, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणातून जेवढा कार्बन सजीवांच्या शरीरात जातो, त्यातला जवळजवळ निम्मा हेच जीव पकडतात. वर्षाला सुमारे 50 अब्ज टन! आणि सगळ्या समुद्रांतल्या या जीवांचं एका वेळचं वस्तुमान, कार्बनमध्ये मोजलं, तर जेमतेम 1 अब्ज टनाच्या आसपास भरतं. जमिनीवरच्या वनस्पतींमध्ये साधारण 450 अब्ज टन कार्बन आहे. भांडवल इतकं तोकडं आणि उलाढाल इतकी मोठी, कारण यांची पेशी दिवसा-दोन दिवसांत दुभंगते आणि तितक्याच वेगानं कुणीतरी ती खाऊनही टाकतं. आठवडाभरात बहुतेक सगळा साठा नवा झालेला असतो.

यातली एक पेशी जरा जवळून पाहू. डायटम घ्या. सिलिकाचं, म्हणजे काचेसारखं पारदर्शक कवच, दोन झाकणं एकमेकांत बसवावीत तसं जोडलेलं, आणि त्यावर सूक्ष्म छिद्रांची रेखीव नक्षी. आत सोनेरी-तपकिरी हरितलवकं. या पेशीला ऊन मिळतं, पाणी तर चहूकडे आहेच. अडचण कार्बन डायऑक्साइडची असते. समुद्रात विरघळलेला कार्बन भरपूर आहे, पण त्यातला 90 टक्क्यांच्या आसपास बायकार्बोनेटच्या रूपात असतो. मोकळा कार्बन डायऑक्साइड शंभरात एक भागसुद्धा नसतो. शिवाय हा वायू हवेत जितक्या सहज पसरतो, त्याच्या दहा हजार पट सावकाश पाण्यातून सरकतो. आणि कार्बन पकडणारं जे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन आहे, रुबिस्को, ते फार मंद. सेकंदाला मोजके रेणू हाताळतं, आणि कधीकधी चुकून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरून बसतं.

मग ही पेशी काय करते? ऊर्जा खर्चून बायकार्बोनेट आत ओढून घेते. आत कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचं दुसरं विकर असतं. ते विलक्षण चपळ. त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो वेळा काम करू शकतो. ते बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड मोकळा करतं, तोही नेमका रुबिस्कोच्या शेजारी. रुबिस्कोभोवती हा वायू असा दाटून राहिला, की त्याची चूक कमी होते आणि काम वाढतं. या चपळ विकराच्या मध्यभागी सहसा जस्ताचा अणू असतो. काही डायटम मात्र जस्त मिळेनासं झालं, की त्या जागी कॅडमियम वापरतात. कॅडमियमला आपण विष म्हणून ओळखतो. समुद्रातल्या या जिवानं ते कामाला लावलं आहे. मला या सगळ्या गोष्टीतला हा तपशील सर्वांत थक्क करणारा वाटतो.

डायटमहून कितीतरी लहान जीवही आहेत. प्रोक्लोरोकॉकस हा जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान आहे. 1988 मध्ये सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची माहिती जगापुढे ठेवली. उष्ण समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात हे एक लाखापर्यंत असू शकतात. प्रकाशसंश्लेषण करणारा इतका विपुल जीव पृथ्वीवर दुसरा नाही, आणि तोवर तो कुणाला माहीतही नव्हता.

पकडलेला कार्बन मोजायची चांगली रीत डेन्मार्कच्या आयनर स्टीमान नील्सन यांनी 1952 मध्ये मांडली. समुद्राचं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात किरणोत्सारी कार्बन-14 असलेलं बायकार्बोनेट थोडं मिसळायचं. एक बाटली उजेडात, दुसरी अंधारात. काही तासांनी पाणी गाळायचं आणि गाळणीवर राहिलेल्या पेशींत किती कार्बन-14 शिरला ते मोजायचं. आज आपण उपग्रहानं समुद्राचा रंग पाहून अंदाज करतो. पण त्या अंदाजांना पाया पुरवला तो अशा बाटल्यांनीच.

आता मुद्द्याचं बोलतो. पकडणं निराळं आणि साठवणं निराळं. त्या 50 अब्ज टनांपैकी बहुतेक कार्बन वरच्या उजेडाच्या थरातच फिरत राहतो. प्राणीप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे छोटे प्राणी, या पेशी खातात, जिवाणू उरलेलं कुजवतात, श्वसनातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा पाण्यात येतो आणि त्यातला काही हवेत जातो. उजेडाच्या थराखाली जातो तो अंदाजे 10 अब्ज टन, आणि 1000 मीटरच्या पलीकडे पोचतो तो त्याचाही लहानसा हिस्सा. जो तिथवर गेला, तो शेकडो वर्षं हवेत परतत नाही.

एकटी पेशी फार हळू बुडते. पण मेलेल्या पेशी, चिकट स्राव, प्राणीप्लवकांची विष्ठा हे सगळं एकमेकांना चिकटून गोळे होतात. त्यांना सागरी हिम म्हणतात. असा गोळा दिवसाला शंभर मीटर उतरला, तर चार हजार मीटर खोल तळ गाठायला त्याला चाळीस दिवस लागतात, आणि वाटेत खाणारे टपलेलेच असतात. या उतरणीला शास्त्रज्ञ जैविक पंप म्हणतात. हा पंप नसता, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्याहून खूपच जास्त असता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा भाग समुद्र शोषतो, हे खरं. पण ते श्रेय प्लवकांना देणं बरोबर नाही. हवेत वायू वाढला म्हणून तो पाण्यात जास्त विरघळतो आणि थंड, जड पाणी त्याला घेऊन खाली बसतं. ही मुख्यतः भौतिक आणि रासायनिक क्रिया आहे. प्लवकांची वाढ बहुतेक ठिकाणी कार्बनमुळे अडत नाही. ती अडते नायट्रोजन, फॉस्फरस आणि लोखंडामुळे.

लोखंडाची गोष्ट थोडी विस्तारानं सांगतो. दक्षिण महासागरात नायट्रोजन पुरवणारं नायट्रेट मुबलक, तरी प्लवक विरळ. असं का, हे कितीतरी वर्षं उमगत नव्हतं, कारण समुद्रातलं लोखंड कुणाला नीट मोजताच येत नव्हतं. जहाज लोखंडाचं, दोरखंड लोखंडी तारेचा, गंज सगळीकडे. नमुना वर येईपर्यंत खराब झालेला. अमेरिकेचे जॉन मार्टिन यांनी अत्यंत स्वच्छ पद्धतीनं नमुने घेतले, तेव्हा दिसलं की तिथे एका लिटर पाण्यात लोखंड ग्रॅमचे केवळ काही अब्जांश आहे. 1988 च्या एका व्याख्यानात ते म्हणाले, ‘मला अर्धं टँकर जहाज भरून लोखंड द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो.’ 1993 मध्ये ते वारले, आणि त्यानंतर काही महिन्यांनीच खुल्या समुद्रात पहिला प्रयोग झाला. लोखंड टाकताच प्लवक वाढले. मार्टिन यांचं तेवढं म्हणणं खरं ठरलं.

पण वाढलेले प्लवक बुडाले का? 2004 मध्ये दक्षिण महासागरातल्या एका प्रयोगात डायटम बहरले आणि त्यातला निदान अर्धा भाग 1000 मीटरच्या खाली गेला. 2009 मध्ये भारत आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी मिळून तसाच प्रयोग केला, लोहाफेक्स. 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोखंड टाकलं. या वेळी पाण्यात सिलिका जवळजवळ नव्हती, म्हणून डायटम वाढलेच नाहीत. दुसरे छोटे प्लवक वाढले, त्यांना प्राणीप्लवकांनी खाल्लं, आणि खोलवर फारच थोडा कार्बन गेला. लोखंड तेच, महासागर तोच, निकाल अगदी उलटा. म्हणून समुद्रात लोखंड ओतून हवामान सावरण्याच्या योजनांवर माझा विश्वास बसत नाही. समुद्रात कचरा टाकण्याला आळा घालणाऱ्या लंडन करारातल्या देशांनीही 2008 मध्ये शास्त्रीय संशोधनाखेरीज असं लोखंड टाकू नये, असं ठरवलं आहे.

आता लक्ष खोलीकडे वळलं आहे. उपग्रहाला वरचा थरच दिसतो, म्हणून समुद्रात स्वयंचलित तरंगती यंत्रं सोडली आहेत. ती साधारण दर दहा दिवसांनी 2000 मीटर खोलीवरून वर येतात. येताना ऑक्सिजन, नायट्रेट, आम्लता, हरितद्रव्य आणि तरंगणारे कण मोजतात, उपग्रहामार्फत माहिती धाडतात आणि पुन्हा खाली जातात. हिवाळ्यात, वादळात, जिथे जहाज फिरकत नाही अशा पाण्यातही त्यांचं काम चालू असतं. कुठल्या समुद्रात, कुठल्या ऋतूत, पकडलेला कार्बन किती खोल जातो, याचे आकडे आता तिथून मिळू लागले आहेत. नमस्कार.