हवेचा टेंट: दाब किती, गळती कुठे आणि वाळवायचा कसा

नमस्कार मंडळी. संध्याकाळी ताठ उभा केलेला हवेचा टेंट पहाटे कमरेत वाकलेला दिसला, की सगळे लगेच पंक्चर शोधायला लागतात. थांबा. पंक्चरचा नंबर तिसरा. आधी तापमान, मग व्हॉल्व्ह, आणि हे दोघे निर्दोष सुटले तरच पंक्चर. पण त्याआधी या टेंटच्या पोटात काय असतं ते बघून घेऊ, नाहीतर पुढचं बरंचसं डोक्यावरून जाईल.

[कॅमेरा जवळ: चेन उघडलेली कमान]

ही टेंटची कमान. आत दांडा वगैरे काही नाही. बाहेरून दिसतंय ते पॉलिस्टरचं आवरण. त्याची चेन उघडली की आत ही मऊ, लांबलचक नळी. हिला ब्लॅडर म्हणतात, आणि बहुतेक टेंटमध्ये ती टीपीयू नावाच्या प्लास्टिकची असते. सायकलची ट्यूब आणि टायर यांचं जे नातं, तेच इथे: हवा धरून ठेवायची ब्लॅडरने, दाब सोसायचा आवरणाने. टीपीयू सहज ताणलं जातं, आवरणाचं कापड ताणलं जात नाही. त्यामुळे ब्लॅडर आवरणाबाहेर काढून पूर्ण दाबाने भरलं, तर जिथे कमजोर असेल तिथे ते फुगत जातं आणि फाटतं. हे लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी लागणार आहे.

आता दाब. व्हॉल्व्हजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात आकडा छापलेला असतो. मोठ्या फॅमिली टेंटसाठी तो साधारण ५ ते ९ पीएसआयमध्ये असतो, ७ बऱ्याच ठिकाणी दिसतो. तुमच्या टेंटवर जो छापलाय तोच पाळायचा. पंपावर आकडे बारमध्ये असतील तर गोंधळू नका: ०.५ बार म्हणजे साधारण सव्वासात पीएसआय.

पंप कुठला? गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर यासाठी चुकीचा आहे. तो दाब खूप देतो, पण हवा थोडी थोडी सोडतो. टेंटच्या कमानीला नेमकं उलटं हवं असतं, भरपूर हवा आणि कमी दाब. हवेच्या गादीचा छोटा इलेक्ट्रिक पंपही चालत नाही. तो कमान गोल करतो, पण ताठ करू शकत नाही. वर-खाली दोन्ही वेळा हवा ढकलणारा, काटा असलेला हातपंप घ्या. इलेक्ट्रिक घ्यायचा असेल, तर ठरवलेल्या दाबाला आपोआप बंद होणारा.

काट्याबद्दल एक गोष्ट, कारण यावरून बरेच जण घाबरतात. पंपाची नळी जोडली आणि काटा शून्यावर दिसला, याचा अर्थ कमान रिकामी आहे असा नाही. बऱ्याच व्हॉल्व्हमधून हवा फक्त आत जाते, परत पंपाकडे येत नाही, म्हणून काट्याला आतला दाब कळतच नाही. दांडा दाबताना, हवा आत जात असतानाच काटा वाचायचा.

उभारणी पटकन सांगतो. जागा सपाट, खडे-काटे वेचलेले, खाली ग्राउंडशीट. टेंट पसरा, दारांच्या चेन बंद करा, आणि हवा भरायच्या आधी चारही कोपऱ्यांच्या खुंट्या ठोका. खुंटीचं डोकं टेंटपासून बाहेर झुकलेलं, जमिनीशी साधारण ४५ अंशांचा कोन. वारा असेल तर वाऱ्याकडची बाजू आधी. हवा मात्र घाईने भरू नका. कमान अर्धी भरली की थांबा आणि आवरणावरून हात फिरवत जा. कुठे पीळ पडलाय का, ब्लॅडर चेनजवळ गोळा झालंय का, ते हाताला लगेच कळतं. पीळ पडलेली कमान पूर्ण भरलीत, तर त्या जागी ब्लॅडर आवरणाच्या शिवणीवर दाबलं जातं आणि पुढेमागे तिथेच जातं. अर्ध्या हवेत हाताने सरळ करता येतं, पूर्ण हवेत नाही.

काही टेंटमध्ये एकाच व्हॉल्व्हमधून सगळ्या कमानी भरतात. अशा टेंटमध्ये कमानींना जोडणाऱ्या नळ्यांवर छोटी चिमटे-झाकणं असतात. भरताना ती उघडी, आणि भरून झालं की एकूण एक बंद. हे विसरलात, तर एक कमान गळाली की बाकीच्याही तिच्याबरोबर बसतात. नंतर ताणाच्या दोऱ्या. हवेची कमान वाऱ्यात वाकते आणि परत उभी राहते हे खरं, पण म्हणून दोऱ्या न बांधणं हा निव्वळ आळस आहे. त्या असतील तेवढ्या सगळ्या, शिवणीच्या रेषेत बांधायच्या.

[स्क्रीनवर आकडे]

आता पहिला संशयित, तापमान. बंद नळीतली हवा थंड झाली की दाब घटतो. टेंट दुपारी ३५ अंश सेल्सिअसला ७ पीएसआयवर भरलात आणि पहाटे तापमान १५ अंशांवर आलं. एक थेंबही हवा न गळता काटा साधारण साडेपाच दाखवेल. हे ढोबळ गणित आहे, काट्यावरचा दाब अधिक बाहेरच्या हवेचा १४.७ पीएसआय, आणि तापमान केल्व्हिनमध्ये धरून. पण तुमच्या अनुभवाशी ते जुळेल.

धोका उलट्या दिशेला जास्त आहे. पहाटे १५ अंशांना ७ वर भरलेली कमान उन्हात ४० अंशांपर्यंत तापली, तर दाब पावणेनऊ-नऊच्या घरात जातो. गडद रंगाचं आवरण थेट उन्हात सावलीतल्या हवेपेक्षा बरंच जास्त तापतं, तेव्हा आकडा आणखी वर जाऊ शकतो. म्हणून सवय अशी लावा: संध्याकाळी थंडावा आला की हवा पुरवा, आणि कडक ऊन चढायच्या आत थोडी सोडा. रात्री भरलेला टेंट तसाच बंद ठेवून दिवसभर फिरायला जाणं हे ब्लॅडर फुटण्याचं आमंत्रण आहे.

मग गळती आहे की थंडी, हे ओळखायचं कसं? सगळ्या कमानी एकमेकींशी ताडून बघा. सगळ्या सारख्याच मऊ झाल्या असतील तर काम थंडीचं. एकच मऊ आणि बाकीच्या ताठ, तर गळती त्या कमानीत. फक्त एका व्हॉल्व्हवर भरणाऱ्या टेंटमध्ये ही चाचणी मधली झाकणं बंद असतील तरच खरी ठरते. उघडी असतील तर हवा सगळीकडे वाटली जाते आणि चोर सापडत नाही.

दुसरा संशयित, व्हॉल्व्ह.

[कॅमेरा जवळ: व्हॉल्व्हचे दोन प्रकार]

हा आट्यांचा. वरचं छोटं झाकण काढून हवा भरायची. खाली रबराची चकती असते, ती हवा परत येऊ देत नाही. पण ती पूर्ण हवाबंद नसते, शेवटचा बंदोबस्त वरचं झाकण करतं. ते सैल राहिलं तर रात्रभर हळूहळू हवा जाते. झाकणासकट खालचा मोठा भाग फिरवून काढला की सगळी हवा भसकन बाहेर, तो फक्त टेंट उतरवताना. या दुसऱ्या प्रकारात मध्ये दाबून फिरवायची कळ असते. कळ वर तर व्हॉल्व्ह बंद, आत दाबून अडकवली तर उघडा. भरताना ती वर आहे ना, ते आधी बघा. नाहीतर पंपाची नळी काढताक्षणी सगळी मेहनत तोंडावर येते.

तपासायला साबणाचं पाणी पुरेसं आहे. भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब वाटीभर पाण्यात, आणि ते स्पंजने व्हॉल्व्हच्या कडेने लावा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह उघडा, रबराच्या चकतीवर वाळूचा कण किंवा गवताची काडी आहे का बघा, पुसा, परत घट्ट करा. बऱ्याचदा गोष्ट इथेच संपते. तेवढ्याने भागलं नाही आणि दोन कमानींचे व्हॉल्व्ह सारखे असतील, तर त्यांचे वरचे भाग आपसांत बदला. गळती व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या कमानीत गेली तर व्हॉल्व्ह दोषी. जागेवरच राहिली, तर मात्र ब्लॅडर काढायची वेळ आली.

ब्लॅडर काढताना हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्ह आवरणापासून मोकळा करा, आणि ब्लॅडरच्या टोकाला एक लांब, मजबूत दोरी बांधा. दुसऱ्या टोकाने ओढून काढलं की दोरी आवरणात राहते, आणि परत घालताना तिनेच ब्लॅडर आत ओढून घ्यायचं. दोरी विसरलात तर चार मीटर आवरणातून मऊ नळी सरकवत बसा. काही आवरणांच्या चेनला धरायचा लोलक मुद्दाम दिलेला नसतो, कुणी चुकून उघडू नये म्हणून. तिथे वाकवलेली कागदाची पिन अडकवून चेन सरकवता येते.

बाहेर काढलेलं ब्लॅडर फक्त आकार येईल इतकंच भरा. पंपाचे थोडेच झटके, काट्याकडे बघायचंही कारण नाही. पाण्याच्या टबमधून एकेक वीत सरकवत न्या. बुडबुड्यांची बारीक माळ दिसली की पुसून पेनाने भोवती गोल करा. गोल मोठा काढा, नेमक्या भोकावर शाई नको. मग हवा सोडा, ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या, आणि टीपीयूचंच ठिगळ लावा. सायकलचं रबरी ठिगळ आणि सोल्युशन टीपीयूवर धरत नाही. ठिगळ चारही बाजूंनी भोकापेक्षा दोन-एक सेंटीमीटर मोठं, कोपरे गोल कापलेले, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो. चिकट पाठीचं ठिगळ असेल तर चमच्याच्या पाठीने घोटून बसवा. गोंद वापरला असेल तर पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या.

परत घालताना ब्लॅडरवर टाल्कम पावडर चोळा, ते आवरणात अडकत नाही. चेन बंद करताना एक बोट आत ठेवून ब्लॅडर दाबत पुढे सरका. चेनच्या दातांत सापडलेलं ब्लॅडर म्हणजे त्याच दिवशी दुसरं पंक्चर. आधी अर्धी हवा, पीळ तपासणं, मग पूर्ण.

टेंट गुंडाळताना व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाकडून व्हॉल्व्हकडे गुंडाळत या, म्हणजे उरलेली हवा बाहेर जाते. सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे. पिशवीत टेंट मावत नाही ही तक्रार बहुतेक वेळा आत राहिलेल्या हवेची असते.

आता ओलावा. ओला टेंट पिशवीत राहिला तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरू शकते, आणि तो काळा डाग पुढे पूर्ण जात नाही. घरी आलात की उघडा पसरा. आवरणाच्या आतला भाग, चेनची पट्टी, तळाच्या शिवणी सर्वात शेवटी वाळतात, तिथे हात लावून बघा. धुवायला कोमट पाणी आणि मऊ स्पंज, बस. कपड्यांची पावडर वापरलीत तर पाणी झटकणारा लेप उतरतो. पाण्याचे थेंब कापडावर मोती बनून घरंगळायच्या ऐवजी पसरून डाग धरायला लागले, की टेंटसाठीचा जलरोधक फवारा मारायची वेळ झाली. आतून खपल्या आणि चिकटपणा, सोबत आंबूस वास, हे मात्र कापडाला आतून दिलेला पॉलियुरेथेनचा जलरोधक थर कुजल्याचं लक्षण. त्याला बाहेरून कुठलाही फवारा वाचवू शकत नाही.

आणि सकाळी छताच्या आतून थेंब पडत असतील तर ते गळणं समजू नका. ती श्वासातली वाफ असते. झरोके उघडे ठेवा, थंडी असली तरी. पण उबेसाठी आत शेगडी पेटवायची नाही, तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नवं ब्लॅडर मागवायची वेळ आलीच, तर मधल्या आणि कडेच्या कमानींची लांबी बहुधा वेगळी असते. जुन्यावर छापलेला क्रमांक बघा. तो पुसला गेला असेल तर ब्लॅडर सपाट पसरून टोकापासून टोकापर्यंत लांबी, सपाट रुंदी आणि टोकापासून व्हॉल्व्ह किती अंतरावर आहे, ही तिन्ही मापं लिहून पाठवा.