उंट ऑस्ट्रेलियात आधीच का नव्हता?

श्रोतेहो, नमस्कार.

उंट म्हटला की वाळवंट, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की उंट मूळचा कुठला, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. जीवाश्मांनी दिलेले उत्तर मात्र अनपेक्षित आहे. उंटाचे कूळ सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत उदयाला आले. कॅनडाच्या थेट उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर सुमारे 35 लाख वर्षांपूर्वीच्या एका थोराड उंटाच्या पायाच्या हाडाचे तुकडे सापडले आहेत. त्या काळी तेथे जंगल होते आणि हिवाळ्यात कित्येक महिने काळोख आणि हिमवर्षाव असे. वाळूत न रुतणारे पसरट पाऊल बर्फातही रुतत नाही, आणि मदारीत साठवलेली चरबी दीर्घ हिवाळ्यातही तितकीच कामी येते, हे लक्षात घेतले म्हणजे हा शोध फारसा विचित्र वाटत नाही.

याच कुळातील काही प्राणी त्या काळी अलास्का आणि सायबेरिया यांना जोडणाऱ्या जमिनीवरून आशियात गेले. सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी पनामाची चिंचोळी भूमी समुद्रातून पूर्ण वर आली आणि दोन्ही अमेरिका जोडल्या गेल्या, तेव्हा काही दक्षिणेकडे उतरले. अँडीज पर्वतातील लामा आणि व्हिक्यूना हे प्राणी त्यांचेच वंशज होत. मूळ घरी, उत्तर अमेरिकेत, मात्र सुमारे 11,000 वर्षांपूर्वी हे कूळ नामशेष झाले. आता दुसरी बाजू पाहा. ऑस्ट्रेलियाचा बराचसा भाग उंटाला मानवणारा, उष्ण आणि कोरडा आहे. तरीही 1840 साली माणसाने जहाजातून उतरवेपर्यंत त्या भूमीवर एकही उंट नव्हता. पुढे मोकाट सुटलेल्या उंटांची प्रजा तेथे लाखांच्या घरात गेली. म्हणजे एखादी प्रजाती कुठे जगू शकेल हे हवामान सांगते, पण ती तेथे पोहोचू शकेल की नाही हे जमीन, समुद्र आणि पर्वत यांच्या हाती असते. माझ्या मते सजीवांच्या वितरणाविषयीचे बहुतेक घोटाळे या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे होतात.

आधी हवामानाकडे वळू. 1802 साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो ज्वालामुखी चढत असताना त्यांना दिसले की पायथ्याच्या उष्ण प्रदेशातील झाडे मागे पडतात, मग थंड हवेतील झाडे लागतात, पुढे केवळ गवत उरते आणि शेवटी खडकाला चिकटलेले शैवाक, म्हणजे दगडफुलासारखी वाढ. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे हजारो किलोमीटर जाताना जो क्रम दिसावा, त्याच्याशी मिळताजुळता क्रम एका डोंगराच्या अंगावर मांडलेला होता. दर 1,000 मीटर चढाईला हवा साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. जगभरच्या पर्वतांवर वृक्षांची वरची सीमा पाहिली, तर वाढीच्या हंगामातील सरासरी तापमान 6 ते 7 अंशांच्या आसपास येते तिथे झाडे थांबतात.

सरासरीवर मात्र फार विसंबू नये. उत्तर अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटात सग्वारो नावाचा खांबासारखा उंच निवडुंग वाढतो. रात्री काही तास पारा गोठणबिंदूखाली गेला तर तो निभावून नेतो, कारण सकाळच्या उन्हात त्याच्या पाण्याने भरलेल्या पेशी पुन्हा सावरतात. पण गारठा दिवसाही न ओसरता एक दिवसाहून अधिक टिकला, तर तो मरतो. त्याची उत्तर सीमा वर्षभराचे सरासरी तापमान ठरवत नाही. कित्येक वर्षांतून एकदा येणारी अशी गोठवणारी लाट ठरवते.

निवडुंगाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या भाषेतील एक गंमत सांगतो. फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग या दोहोंना मराठीने एकच आडनाव दिले आहे, पण त्यांचे नाते फार दूरचे. त्रिधारीची फांदी खरचटली तर पांढरा, डोळ्यांना घातक असा चीक ओघळतो. फड्याचे पान वाटणारे खोड कापले तर आतून नितळ, चिकट पाणी येते. त्रिधारीचे काटे जोडीजोडीने येतात. फड्याचे काटे एका बारीक, लवदार ठिपक्यातून झुबक्याने फुटतात. फड्याचे कूळ अमेरिका खंडांचे, तर त्रिधारीचे खांबासारखे भाऊबंद मुख्यतः आफ्रिका आणि आशियातील. कोरड्या हवेने दोन परक्या कुळांना मांसल खोड आणि काटे बहाल केले. पण मध्ये अटलांटिक महासागर पसरलेला असल्यामुळे एकाच्या जागी दुसरे आले नाही. या नियमाला अपवाद एकच. झाडांवर लोंबकळणारी, छोटी चिकट फळे धरणारी निवडुंगाची एक जात आफ्रिका आणि श्रीलंकेत आपसूक वाढते, आणि ती बहुधा पक्ष्यांनी नेली असावी. समुद्राचा अडसर माणसाने दूर केल्यावर काय होते, हेही फड्यानेच दाखवले. ऑस्ट्रेलियात नेलेल्या फड्याने 1920 च्या दशकापर्यंत सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन व्यापली, आणि अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी तो पोखरल्यावरच त्याचा जोर ओसरला.

मग उंट आशियात असूनही ऑस्ट्रेलियाला का पोहोचला नाही? वाटेत मुक्कामाला वाळवंटे नव्हती, हे खरे. पण सर्वांत मोठा अडसर खोल पाण्याचा होता. 1856 साली ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस आजच्या इंडोनेशियातील बालीहून शेजारच्या लोंबोक बेटावर गेले. दोन्ही बेटांमधील सामुद्रधुनी सुमारे 35 किलोमीटर रुंद, हवामान जवळपास सारखे. तरीही बालीत कुठे न दिसलेले पांढरे काकाकुवा त्यांना लोंबोकमध्ये भेटले, आणि ते तर ऑस्ट्रेलियाकडचे पक्षी. याचे कारण समुद्राच्या तळाशी आहे. हिमयुगात बरेच पाणी हिमनद्यांत अडकल्याने समुद्राची पातळी सुमारे 120 मीटर खाली गेली आणि सुमात्रा, जावा, बोर्निओ व बाली ही बेटे आशियाला जोडली गेली. वाघ चालत बालीपर्यंत आला. गेल्या शतकात नाहीसा होईपर्यंत तो तेथे होता. लोंबोकची सामुद्रधुनी मात्र इतकी खोल की पातळी एवढी उतरूनही ती कोरडी पडली नाही, आणि वाघ काठावरच थांबला.

समुद्र सर्वांना सारखाच अडवतो असेही नाही. चार्ल्स डार्विन यांनी 87 प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात ठेवल्या; 28 दिवसांनंतर त्यांपैकी 64 प्रकार रुजले. 1883 मध्ये इंडोनेशियातील क्राकाताऊ बेटावरील ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते बेट राखेखाली गाडले गेले. नऊ महिन्यांनी तेथे पोहोचलेल्या निरीक्षकाला अवघा एक जीव दिसला: एक इवलासा कोळी, तोही जाळे विणत बसलेला! आपल्याच रेशमी धाग्यावर तरंगत असे कोळी वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर जातात. बेडकाच्या ओलसर कातडीला मात्र खारे पाणी सोसत नाही. म्हणूनच हवाईसारख्या दूरच्या ज्वालामुखी बेटांवर माणसाने नेईपर्यंत बेडूक नव्हते.

आज हवा तापत असताना अनेक प्रजाती ध्रुवांकडे किंवा डोंगरावर वरच्या बाजूला सरकत आहेत. सरकायला जागा असेल, तर हे जमते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर टोकाशी ब्रॅम्बल के नावाचे वाळूचे बेट आहे. त्याचा सर्वांत उंच भाग समुद्रापासून जेमतेम 3 मीटर वर येतो. जगात फक्त याच बेटावर राहणारा एक छोटा तपकिरी उंदीर होता. भरतीचे पाणी पुन्हा पुन्हा आत शिरत राहिले आणि त्याला खाद्य व निवारा देणारी झुडपे मरत गेली. हा उंदीर शेवटचा दिसला तो 2009 साली.

नमस्कार.