दोघांचा वकील एकच असतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

मुलगी चंदगडची, सासर खानापूरचं. अशा सोयरिकी आपल्या सीमाभागात घरोघरी आहेत. त्यातली एखादी मोडते तेव्हा वडीलधारी बसतात, 'कोर्टात भांडण नको, संमतीनं मिटवू' म्हणतात आणि खर्च वाचावा म्हणून दोघांसाठी एकच वकील ठरतो. पुष्कळदा तो नवऱ्याकडच्या ओळखीतला असतो, फीही तिकडूनच जाते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो, हे खरं. पण अर्ज एक म्हणून हित एक होत नाही. एकरकमी पोटगी किती, सोनं कुणाकडे राहिलं, मूल कुणाकडे राहणार? बायकोनं त्या वकिलाला बाजूला घेऊन विचारलं, "एवढ्यावर सही करू का?" तर त्यानं काय सांगावं? 'थांबा, जास्त मागा' म्हणाला तर नवऱ्याचा घात, 'करा' म्हणाला तर तिचा. नवऱ्यानं विश्वासानं सांगितलेली जमीन तिला सांगता येत नाही आणि लपवणंही बरोबर नाही. वकील कितीही सज्जन असो, या पेचातून त्याची सुटका नाही.

शिवाय कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच तसं सांगितलंय. मग तोच वकील नवऱ्याच्या बाजूनं उभा राहिला तर? बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे: ज्या पक्षाला सल्ला दिला, ज्याचे कागद तयार केले, त्याच्याविरुद्ध त्याच प्रकरणात उभं राहायचं नाही.

मला सगळ्यात जास्त सलते ती भाषेची गोष्ट. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, आणि आपली लेक मराठी शाळेत शिकलेली. वकील तोंडी सांगेल त्या अर्थावर ती सही करते. तो अर्थ सांगणारा तरी फक्त तिचा असायला हवा.

बायांनो, पैसे नाहीत म्हणून अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. बेळगावच्या जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे अर्ज करा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. मसुदा सोबत न्या, ओळ न ओळ मराठीत समजावून घ्या. आणि हे सगळं सही करायच्या आधी.