रंकाळ्यावरचा डबा आणि अडीच मिलिमीटरचा चष्मा

कोल्हापुरात रंकाळा तलावावर भेळ खात उभा होतो, शेजारच्या स्टॉलवर एकजण डोक्याला व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांपुढं आभासी जग दाखवणारा, डबा बांधून हवेत हात मारत होता, मित्र म्हणाला जा की भावा तूपण, गेलो, आणि पाचव्या मिनिटाला डोकं गरगरायला लागलं.

हा डबा एवढा जाड का, बघा. आत छोटा स्क्रीन, त्याच्यापुढं भिंग, दोघांत ठरावीक अंतर ठेवावंच लागतं नाहीतर चित्र धूसर दिसतं, म्हणून डबा पुढं येतो आणि सगळं वजन नाकावर. गरगरायचं कारण वेगळंय. चित्रातला वाघ जवळ आला की दोन्ही डोळे आत वळतात, पण फोकस मात्र एकाच अंतरावर अडकलेला, कारण उजेड तिथनंच आल्यासारखा येतोय. मेंदूला दोन हिशोब मिळतात आणि ते जुळत नाहीत.

इथं होलोग्राम कामाला येतो. कल्पना डेनिस गाबोर या शास्त्रज्ञाची, १९४७ ची, १९७१ ला त्यांना नोबेल मिळालं, पण खरा जोर आला तो १९६० ला लेझर आल्यावर. साधा फोटो उजेड किती तेवढंच पकडतो, होलोग्राम उजेडाची लाट कुठल्या टप्प्यावर आहे तेपण पकडतो. एटीएम कार्डावरचं चमकतं चित्र हे त्याचंच गरीब भावंड. होलोग्रामच्या चष्म्यात एक बारीक चिप लेझरचा उजेड पिक्सेलपिक्सेलला थोडा मागंपुढं करते, आणि वस्तू खरंच तिथं असती तर जशा लाटा आल्या असत्या तशाच डोळ्यात येतात, म्हणजे फोकसपण खरा.

२०२२ ला एनव्हिडिया ही चिपवाली कंपनी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी असा चष्मा करून दाखवला. त्यातला भिंग-चिपचा थर फक्त २.५ मिलिमीटर आणि वजन ६० ग्रॅम, चालवणारं सर्किट बोर्ड सोडून हां. नाद खुळा काम!

पण गोम आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचं किरण महाद्वारातनं सरळ आत यावं लागतं, वाटेत काही आडवं आलं की संपलं. इथंही तसंच, डोळा ज्या जागेत असला तरच चित्र दिसतं ती जागा २.३ मिलिमीटरची, बुबुळ जरा हललं की गायब. त्यावर उपाय म्हणून डोळा हलेल तशी उजेडाची दिशा वळवायची सोय त्यांनी केलीय.

आणि चित्र दिसतं ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २२.८ अंशातच. म्हणजे चौपाटीवर उभं राहून समोर बघितलं तर शालिनी पॅलेस आणि आजूबाजूचं थोडं पाणी एवढंच त्यात मावेल, बाकीचा रंकाळा चौकटीबाहेर.