आईचे रक्त बाळाच्या अंगात जाते का? उत्तर १७७४ च्या चित्रांत

नमस्कार. "बाळाच्या अंगात आईचेच रक्त फिरते ना?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली येतो, म्हणून आज त्याचाच निकाल लावू. गर्भाशय आपणांस ठाऊक आहेच; वार म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला, बाळाला पोसणारा अवयव, आणि नाळ म्हणजे वारेला बाळाशी जोडणारी दोरी. त्यांत अधिक वेळ घालवत नाही.

लिओनार्दो दा विंची याने १५११ च्या सुमारास काढलेले, गुडघे पोटाशी घेतलेल्या गर्भाचे चित्र आपण पाहिले असेल. त्यात गर्भ माणसाचा, पण वार गाईची आहे. गाभण गाईचे विच्छेदन त्याने केले होते आणि तिच्या वारेतली सुटी सुटी बोंडे त्याने इथे आणून बसवली. तरीही हे चित्र 'अचूक' म्हणून पुढे पाठवले जाते, याचा मला मनस्वी राग येतो.

शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटरचा गरोदर गर्भाशयावरचा ३४ चित्रांचा ग्रंथ १७७४ मध्ये बर्मिंगहॅमला छापला गेला. चित्रकार यान व्हान रिम्सडाइकची रेखाटने इतकी काटेकोर, की एका चित्रात गर्भावरच्या ओल्या पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंबसुद्धा दिसते. गरोदरपणी मरण पावलेल्या, आज नावही ठाऊक नसलेल्या स्त्रियांचे हे देह आहेत, हे चित्रे पाहताना विसरता येत नाही.

आता मुद्द्याचे. विल्यम आणि त्याचा भाऊ जॉन या हंटर बंधूंच्या काळी अशा देहांच्या रक्तवाहिन्यांत पातळ केलेले रंगीत मेण भरत असत. आईच्या बाजूने भरलेले मेण वारेच्या स्पंजासारख्या पोकळ्यांत पोहोचले, पण नाळेत उतरले नाही. नाळेतून भरलेले मेण वारेतल्या बारीक फांद्यांत शिरले, गर्भाशयात आले नाही. म्हणजे रक्ताभिसरणे दोन, आणि वेगळी.

पटत नसेल तर रक्तगट पाहा: आई 'ओ' गटाची आणि बाळ 'ए' गटाचे, असे सर्रास घडते. एकच रक्त दोघांत फिरत असते, तर हे कसे जमले असते?

मग पोषण कसे होते? बाळाच्या रक्तवाहिन्या असलेले वारेतले बारीक अंकुर आईच्या रक्तात बुडालेले असतात, आणि त्यांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू, साखर, प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) पलीकडे जातात. रक्त आपापल्या जागीच राहते. आणि हो, नीला म्हणजे हृदयाकडे रक्त नेणारी वाहिनी; तिच्यात एरवी बहुधा प्राणवायू कमी असलेले रक्त असते, पण नाळेतली नीलाच प्राणवायूयुक्त रक्त बाळाकडे नेते. "तुम्ही उलटे सांगितले" असे लिहिणाऱ्यांनी कृपया पुन्हा तपासावे.

ही दोन रक्ताभिसरणे वेगळी असल्याच्या शोधाच्या श्रेयावरून मात्र हंटर बंधूंचे बिनसले. जॉनने १७८० मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेपुढे तो आपला म्हणून मांडला, विल्यमने लगेच हरकत घेतली, आणि दोघे सख्खे भाऊ दुरावले.