ब्युरेटवरचे तिसरे रीडिंग

(दृश्य: सकाळची प्रयोगशाळा, ओट्यावर पाण्याच्या बाटल्या)

नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सकाळची बॅच सुरू झाली आहे. विद्यार्थ्यांनी घरून पाणी आणले आहे. कुणाच्या बाटलीत नळाचे, म्हणजे पेंच किंवा कन्हानवरून आलेले पाणी आहे, तर कुणी अंगणातल्या विहिरीचे किंवा बोअरचे आणले आहे. आज या पाण्याची दुष्फेनता, बोलीत ज्याला आपण जडपणा म्हणतो, ती मोजायची आहे.

अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत या प्रयोगापुढे एक वाक्य छापलेले असते: विद्यार्थी पाण्याच्या नमुन्याचे विश्लेषण करून निष्कर्ष काढू शकेल. ‘करू शकेल’ या क्रियापदामागे मोठा इतिहास आहे. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडली. २००१ साली तिची फेरमांडणी झाली, तेव्हा ‘ज्ञान’, ‘आकलन’ अशा नामांच्या जागी आठवणे, समजणे, वापरणे, पृथक्करण करणे अशी क्रियापदे आली. आता प्रत्येक विषयाची उद्दिष्टे लिहिली जातात, ती पदवीच्या उद्दिष्टांशी एक, दोन, तीन असे आकडे देऊन जोडली जातात, आणि सत्राअखेर ती किती साध्य झाली याचा तक्ता प्राध्यापक संगणकावर भरतात.

हा तक्ता गुणांवरून तयार होतो, आणि गोम तिथेच आहे. प्रश्नपत्रिकेत ‘दुष्फेनतेची व्याख्या लिहा’ एवढेच विचारले आणि सर्वांनी ती पाठ करून लिहिली, तरी तक्त्यात विश्लेषणाचे उद्दिष्ट साध्य झालेले दिसते.

(दृश्य: ब्युरेट जवळून)

पन्नास मिलिलिटर विहिरीच्या पाण्यात सामू (पीएच) दहाच्या आसपास राखणारे बफर घातले आहे आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाने पाण्याला वाइनसारखा लाल रंग आला आहे. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या उभ्या काचनळीतून, ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे पाण्याला जड करणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारे रसायन, थेंबाथेंबाने पडत आहे. लाल जांभळट होतो, आणि एका थेंबाला लालीचा मागमूसही न राहता निळा होतो. पहिले रीडिंग १५.०, दुसरेही १५.०. तिसरे मात्र १५.३ येते.

या क्षणी विद्यार्थी काय करतो, हे एकही लेखी परीक्षा पाहत नाही. बहुतेक जण इकडेतिकडे बघून जर्नलमध्ये तिसऱ्यांदाही १५.० लिहितात, कारण सी.बी.आर., म्हणजे स्थिर ब्युरेट रीडिंग, जुळले की सही मिळते, हे त्यांना सीनियर मुलांनी सांगितलेले असते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण ज्याला गुण देतो, तेच मुले शिकतात.

वास्तविक इथे विचारण्यासारखे बरेच आहे. या प्रमाणात १ मिलिलिटर ईडीटीए म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून १५.० या रीडिंगवरून दुष्फेनता लिटरला ३०० मिलिग्रॅम निघते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. मग या विहिरीच्या पाण्याबद्दल काय म्हणाल? शेजारच्या ओट्यावर १५.१ आले, तर ते पाणी अधिक जड म्हणायचे का? ब्युरेटचा सर्वांत लहान भागच ०.१ मिलिलिटरचा, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमचा आहे, तेव्हा एवढ्या फरकावरून काहीच सांगता येत नाही, हे उत्तर ज्याला देता आले त्याने पुस्तिकेतले ते वाक्य पुरे केले. असा प्रश्न लेखी परीक्षेतही घालता येतो; त्यासाठी नवे उपकरण लागत नाही. तपासायला मात्र वेळ लागतो, आणि एका बाकावरून दुसऱ्या बाकावर धावत व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, उरकणाऱ्या परीक्षकाकडे नेमका तोच नसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट ठरलेले आहेत, आणि प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात तीस तासांचे काम. एवढ्या तासांत प्रत्येकाचा हात निदान एकदा तरी बारकाईने पाहून होईल.

(दृश्य: खिडकीजवळचे टेबल)

खिडकीजवळच्या मुलीने १५.३ खोडलेले नाही. शेजारी तिने पेन्सिलने लिहिले आहे, ‘रंग बदलल्यावर पाच-सहा थेंब जास्त पडले’. आता ती फ्लास्क विसळून चौथ्यांदा पन्नास मिलिलिटर पाणी घेते आहे.