पश्चिमेची भिंत

मंडळी, विषय आहे थंडीच्या आधी जुनं घर उबदार कसं करावं. मुंबईत कुठली आलीय थंडी, हे काही चेहऱ्यांवर मला इथून वाचता येतंय! 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर उतरला होता. मागच्या बाकावरच्या आजोबांना ती पहाट आठवत असेल. पण मला पाऱ्यातली नव्हे, भिंतीतली थंडी सांगायची आहे. जानेवारीत चाळीतल्या भिंतीला पाठ टेकली की हाडात शिरतो तो गारवा चार महिने मुरलेल्या पावसाचा असतो. ओल सुकताना उष्णता ओढून घेते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं.

आमचं बिऱ्हाड गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर. सागवानी खांब-तुळया, मधे विटा, त्यावर चुन्याचा गिलावा. पश्चिमेची भिंत समुद्राकडून येणारी झड अंगावर घेणारी. 2006 साली तिचे पोपडे सुटले, तेव्हा एका ठेकेदारानं ‘पक्कं काम’ म्हणून सगळा चुना खरवडला, सिमेंट थापलं, वर ऑइलपेंट मारला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “अगं, भिंतीचं नाक दाबलंस.” मी ऐकलं नाही. दिवाळीत भिंत आरशासारखी चमकत होती, येणारा-जाणारा कौतुक करत होता.

पुढच्या पावसाळ्यात सिमेंटला केसाएवढ्या चिरा गेल्या. पाणी आत शिरलं आणि त्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही. डिसेंबरात गोधड्यांना कुबट वास, कपाटामागे काळी बुरशी. सासूबाईंचा खोकला संक्रांतीपर्यंत हटला नाही. भिंतीत गेलेलं तुळईचं टोक बोटानं दाबलं तर भुसा हाताला आला. ठेकेदार फोन उचलेना. त्याचा राग मला अजून आहे, आणि तो इथे बोलून दाखवायचाच होता.

मग एक म्हातारे गवंडीमामा सापडले. त्यांनी छिन्नीनं सिमेंट उतरवलं आणि महिनाभर भिंत उघडी ठेवायला लावली. कळीचा चुना पिंपात भिजवून मुरू दिला, वाळू कालवून पातळ थर दिले. प्रत्येक थरानंतर थांबायचं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. घाई केली की तडकतो. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मारायचं काम माझ्याकडे होतं. आणि सिमेंटखालून काय निघालं? एक कोनाडा! ठेकेदारानं तो विटांचे तुकडे कोंबून बुजवला होता. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिन्हीसांजेला तिथे दिवा लावायच्या, आणि तो गेल्याचं दोन वर्षांत त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी पदरानं तो पुसला, तशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे तर राहिलेच! भरभर सांगते. परतीचा पाऊस सरासरीनं 8 ऑक्टोबरच्या सुमाराला मुंबई सोडतो. तिथून दिवाळीपर्यंतच्या ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, तेच भिंत वाळवतं. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, भर दुपारीही क्षितिजापासून साधारण 47-48 अंशांच्या वर चढत नाही. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं. तिच्यासमोरचा पसारा हलवा, गाद्या तिथे टाका. गार वारं येतं उत्तरेकडून, त्या बाजूच्या दाराखाली जुन्या लुगड्याची वळकटी पुरते. तुळई पोकळ वाजली तर मात्र घरच्या घरी ठोकाठोक नको. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत, असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

हो, आणि चुना भिजवताना मुलांना लांब ठेवा. पाणी उकळायला लागतं, डोळ्यात थेंब उडाला तर इजा होते. पिंपाला झाकण हवंच.